सहीवरचा पाक

सव्हाना, १८ ऑक्टोबर १८८१

चिरंजीव आन्शेल आणि चिरंजीव लेझर,

एकशेवीस वर्षांचे व्हा, आणि त्यातले चार दिवस आजीसाठी काढा.

सण आले आणि गेले. नव्या वर्षाला तुम्ही येणार म्हणून मी गाजरं गोड करून ठेवली, ती फाइबुश मास्तरांनी खाल्ली. मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी तरी याल म्हणून कोंबडी शिजवली, तीही मास्तरांनीच संपवली. मांडवाच्या सणाला मी चूलच पेटवली नाही, तरी मास्तर आले. हे सगळं तेच लिहून घेत आहेत आणि लिहिता लिहिता भुवया चढवत आहेत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझा हात आहात, तोंड नव्हे. सांगते ते लिहा. तुम्हा दोघांना अक्षरं शिकवताना छडी चालवणारा माणूस आज मुकाट माझं ऐकतो, निदान हे बघायला तरी यायचं होतं.

अटलांटात कापसाचं प्रदर्शन भरलंय, माणसांना तहान लागलीय, सोड्याच्या बाटल्या पुरत नाहीत, हे आन्शेलने तीन पत्रांत तीनदा कळवलं. कळलं, बाबा. तुमचे आईवडील पिवळ्या तापात एका आठवड्यात गेले, तेव्हा याच ओट्यावर मातीच्या बुधल्यातून आल्याचं पाणी विकून मी तुम्हाला वाढवलं. तेव्हाही माणसांना तहान लागत होती. पण शुक्रवारी दिवस मावळला, आपला विसाव्याचा वार लागला, की मी बुधल्याचं तोंड बांधायची, आणि शनिवारी गिऱ्हाईक दाराशी ओरडून गेलं तरी सोडत नसे. आता ऐकते की तुमचा कारखाना शनिवारी चालतो. आन्शेल, मी रागावलेली नाही. ऐकलं म्हणून सांगितलं.

नवी बाटली पोचली. काचेवर तुमचं नाव वर उठून आलंय, ते मी अंगठ्याने चाचपलं. मास्तर म्हणाले, ‘हाइलब्रुन बंधू’ असं आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे, दोन्ही बंधू मीच वाढवलेत.

लेझर, तुझं पत्र मी नेहमीसारखं मास्तरांच्या आधी वाचलं. मास्तरांना हे पसंत नाही. म्हणतात, कागद चाटणारी बाई दुसरी पाहिली नाही. त्यांना काय कळणार. आमच्या गावी मुलगा पहिल्यांदा शाळेत गेला की पाटीवरच्या अक्षरांवर मध लावायचे आणि पोराने तो चाटायचा, म्हणजे विद्या गोड लागते. माझ्या भावाने चाटला. मी दारात उभी होते. मुलींच्या वाट्याला मध नव्हता, कारण अक्षरंच नव्हती. ही गोष्ट मी तुला एकदाच सांगितली, तू सहा वर्षांचा असशील. तेव्हापासून तुझ्या सहीवर आल्याच्या पाकाचा थेंब नाही असं एकही पत्र मला आलेलं नाही. आन्शेलच्या पत्राला चव नसते, पण तो शाल पाठवतो.

डिसेंबरातल्या आपल्या दिव्यांच्या सणाला दोघे या. एकटा कुणी आला तर दार उघडणार नाही.

तुमची आजी ब्राइनले
(सही म्हणून गोल काढलाय. फुली क्रूसासारखी दिसते, ती मारणं आपल्या यहुदी लोकांत बसत नाही.)


अटलांटा, २३ ऑक्टोबर १८८१

माझी आजी,

गाजरं गेली याचं दुःख आहे, ती मास्तरांना पचली याचं त्याहून जास्त. मास्तर, मोठ्याने वाचा.

इथे दर आठवड्याला विटांची एक नवी इमारत उभी राहते आणि तिच्यासमोरच्या लाल चिखलात एक नवी गाडी रुतते. गाडी रुतली की माणसं उतरतात, उतरली की त्यांना तहान लागते, आणि आन्शेल खिडकीतून बघून खूश होतो. प्रदर्शनवाल्यांना रोज इतक्या बाटल्या लागतात की तोंडावर बांधलेली तारेची जाळी मी जेवण्यापुरतीच सोडतो. भरताना बाटली कधी हातातच फुटते, म्हणून ती जाळी. तिच्यात मी जास्त देखणा दिसतो असं आन्शेलचं मत आहे.

वायू तयार करायचं आपलं तांब्याचं पिंप मात्र म्हातारं झालं. आत संगमरवराच्या भुकटीवर तेजाब पडलं की ते असं खोकतं, की मी त्याचं नाव फाइबुश ठेवलंय. सांध्यातून फुसफुसतं सुद्धा. मास्तर, हेही वाचा. आन्शेलला म्हटलं, नवं आणू. तो म्हणतो, प्रदर्शन संपलं की लगेच. आता बदलायला घेतलं तर चार दिवस कारखाना बंद राहील. त्याचंही चूक नाही. इतकी वर्षं दोघांनी हातगाडी ओढली, आता कुठे लोक नाव घेऊन बाटली मागायला लागलेत.

शनिवारचं तू ऐकलंस ते खरं, पण अर्धंच. एक शनिवार तो काम बघतो, एक शनिवार मी, दुसऱ्याला सुटी. येता शनिवार माझ्या सुटीचा. मी प्रार्थनेला जाईन, मग जेवून पाय पसरून झोपेन, आणि खोकणाऱ्या फाइबुशला आन्शेल एकटा सांभाळेल.

दिव्यांच्या सणाला दोघे येतो. आन्शेल नाही म्हणाला तर त्याला बूच मारून पेटीत घालून आणतो.

तुझा लेझर
(थेंब आज मोठा पडलाय. पुसू नकोस, वाच.)


अटलांटा, ३१ ऑक्टोबर १८८१

आदरणीय फाइबुश मास्तर,

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी आहे, आजीपुढे उघडू नका. सोबतचं दुसरं तिला वाचून दाखवा.

लेझर गेला. शनिवारी सकाळी पिंप फुटलं. तो जवळ होता. फार वेळ लागला नाही असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही. काल त्याला मूठमाती दिली. आता मी कॉलर फाडून, आरसे झाकून, जमिनीलगतच्या स्टुलावर बसलो आहे आणि शेजाऱ्यांनी आणलेली उकडलेली अंडी खातो आहे. सात दिवस असंच बसायचं. या सात दिवसांत पत्रं लिहू नयेत हेही ठाऊक आहे.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं काळीज कसं झालंय ते गेल्या हिवाळ्यात तुम्ही पाहिलंत. आईवडील गेले तेव्हा ती सात दिवस अशी बसली आणि उठली ती हातात काठी घेऊन. आता बसली तर उठणार नाही. नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात : मरणाची बातमी तीस दिवसांनंतर कानावर आली तर सात दिवस बसावं लागत नाही, एक तास पुरतो. आणि बातमी सांगायलाच हवी अशी सक्ती कुणावर नाही. तेव्हा तीस दिवस थांबा, मास्तर. तोवर लेझरच्या नावाने मी लिहीत जाईन. तिला वाचता येत नाही, म्हणून हे जमेल. तिच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्या दोघीतिघींना तुम्ही सांगून ठेवा.

ती त्याच्यावर जास्त माया करायची, आणि ते बरोबरच होतं. तो नसताना नुसत्या माझ्या आधारावर ती ते सात दिवस काढू शकणार नाही.

आन्शेल

[सोबतचं पत्र]

प्रिय आजी,

मी बरा आहे. कामाची घाई आहे. प्रदर्शनात माल चांगला खपतो. आन्शेलही बरा आहे. तुझी प्रकृती सांभाळ. थंडी पडू लागेल, शाल घेत जा.

तुझा लेझर


सव्हाना, ४ नोव्हेंबर १८८१

लेझर, आणि चिरंजीव आन्शेल,

पत्र बुधवारी पोचलं. मास्तरांनी ते फार छान वाचलं, एकदाही न खोकता. मधे तीनदा चष्मा पुसला तेवढंच. पिंपाचं काय झालं ते पत्रात नव्हतं.

माझं बरं आहे. गुडघे बोलायला लागलेत म्हणून खुर्ची सोडून पाय ठेवायच्या बुटक्या स्टुलावर बसते. तिथून मास्तर उंच दिसतात, त्यांनाही बरं वाटतं. भिंतीवरचा आरसा शेजारच्या सेर्लबाईंकडे देऊन टाकला, चौकट ढिली झाली होती. रोज सकाळी त्यात एक म्हातारी यायची, तिचाही कंटाळा आला होता. बाहेर कुठे जात नाही. मास्तरांना उकडलेली अंडी आणायला सांगितलीत. दात आता तेवढ्यापुरतेच उरलेत.

लेझर, पत्र लहान होतं. शाल घे म्हणालास. याआधी तू मला शाल घे असं कधी म्हणाला नाहीस, नाच म्हणायचास. पण घेतली हो. बसल्या जागी अंगावरच आहे.

एक काम कर. आन्शेल जेवतो का ते बघ. त्याला रडता येत नाही, मग तो काम करतो. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचा हा मुलगा ओट्यावरचे सगळे बुधले घासत बसला होता, घासलेले पुन्हा घासत होता. तू चार वर्षांचा. तू जाऊन त्याच्या पाठीवर बसलास, तेव्हा कुठे थांबला. आताही कुणीतरी थांबवायला हवं. मला एवढ्या लांबून पाठीवर बसता येत नाही.

आणि लिहीत राहा. लहान लिहिलंस तरी चालेल. मी ऐकत जाईन.

आजी ब्राइनले

(आन्शेल, हे खालचं माझ्याकडून. काळजी करू नकोस, तिला काही कळलेलं नाही. माझी चेष्टा नेहमीसारखी चालू आहे. गुडघ्यांनी छळलंय, म्हणून खाली बसते. सेर्लबाईंना आणि बाकीच्यांना सांगून ठेवलंय. अंडी मीच नेऊन देतो. – फाइबुश)


अटलांटा, १३ नोव्हेंबर १८८१

आदरणीय मास्तर,

सोबत लेझरचं दुसरं पत्र आहे. त्यात एक विनोद घातलाय. वाचताना जमलं तर हसा, म्हणजे तिलाही हसायला येईल.

तिचं पत्र मी पुष्कळ वेळा वाचलं. बुधल्यांची गोष्ट मी विसरलो होतो.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. तो शनिवार लेझरच्या सुटीचा होता, काम बघायची पाळी माझी होती. सकाळी प्रदर्शनवाल्यांचा निरोप आला की दोन मोठे व्यापारी गाडीने उतरतायत, भेटायला या. लेझर प्रार्थनेला जायचा कोट घालून दारात उभा होता. मी म्हटलं, आजचा एक दिवस तू बघ. तो म्हणाला, “बघतो. पण आजीला तू सांग.” कोट काढून खुंटीला लावला, जाळी बांधली आणि आत गेला. व्यापारी आलेच नाहीत, त्यांची गाडी चुकली होती. कोट अजून खुंटीलाच आहे.

कारखाना सुरू केलाय. नवं पिंप यायला महिना लागेल, तोवर अडगळीतलं धाकटं पिंप काढलंय. तेही त्याच वयाचं आहे, पण प्रदर्शन थांबत नाही. काचवाल्यांनी विचारलंय, पुढच्या बाटल्यांच्या साच्यातून ‘बंधू’ काढायचं का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

लेझरच्या नावाने लिहायला बसलो की तो थोडा वेळ शेजारी असतो. सही केली की जातो.

आन्शेल


सव्हाना, १ डिसेंबर १८८१

चिरंजीव आन्शेल,

काल फाइबुश मास्तर सणाचा कोट घालून आले. आल्याबरोबर पाणी मागितलं, आणि मला म्हणाले, ब्राइनले, जरा खुर्चीवर बसा. मी म्हटलं, ही गोष्ट खुर्चीवर बसून ऐकायची नसते, आणि बुटकं स्टूल ओढलं. ते पांढरे पडले. तरी बिचाऱ्यांनी पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “तीस दिवस होऊन गेलेत. नियमाप्रमाणे तुम्हाला एकच तास बसायचंय.”

मी म्हटलं, “मी सात दिवस बसून उठले, मास्तर. अंडी तुम्हीच आणत होता.”

इथे त्यांचा हात थांबलाय. लिहा, मास्तर. शाई वाळते.

त्या बुधवारी मास्तरांनी पत्र हातात दिलं आणि मी नेहमीसारखी सहीला जीभ लावली. शाई कडू लागली. दुसऱ्यांदा लावली, मला वाटलं जागा चुकली असेल. मग ओळी बघितल्या. मला अक्षर येत नाही, पण लेझरचं अक्षर म्हणजे वारूळ फुटल्यावर पळणाऱ्या मुंग्या, आणि तुझं म्हणजे पेटीत उभ्या केलेल्या बाटल्या. या बाटल्या होत्या. तो आजारी असता तर तू आन्शेल म्हणूनच तसं कळवलं असतंस. तुझ्याशी भांडून निघून गेला असता तरी माझा थेंब त्याने बुडवला नसता. त्याचं नाव तू लिहिलंस, म्हणजे लिहायला तो उरला नव्हता. मास्तर ‘मी बरा आहे’ वाचत होते तोवर मला सगळं कळून चुकलं होतं. ते गेल्यावर कॉलर फाडली आणि वरून शाल घेतली. शाल घे असं पत्रात होतंच.

मी बोलले का नाही, असं मास्तर विचारतायत. शाळामास्तर असून विचारतायत. तुला रडता येत नाही, आन्शेल, पण लिहिता येत होतं. मी तोंड उघडलं असतं तर तू लिहायचा थांबला असतास आणि बुधले घासत बसला असतास. म्हणून मी ऐकत राहिले. दुसऱ्या पत्रातला विनोद अगदीच वाईट होता. मास्तर हसले, म्हणून मीही हसले. दोघांनीही चांगलं केलं नाही.

मास्तरांसाठी म्हणून तू लिहिलेली दोन्ही पत्रं मी काल त्यांच्याकडून वाचून घेतली. ते नको म्हणत होते. मी म्हटलं, एक तास बसायचंय ना, मग तेवढ्या वेळात दुसरं काय करू.

आता ऐक. तुझा दोष नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलणं या घरात पुष्कळ झालं. पिंप बदलायला हवं होतं. त्याच्या अंगातून कोट काढायला लावायला नको होता. ही दोन्ही ओझी तुझी आहेत आणि ती मला उचलता येत नाहीत. पण माझंही एक आहे. पिंप खोकतं, सांध्यातून फुसफुसतं असं त्याने पत्रात लिहिलं. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं, आणि मी हसले. पोटभर हसले, आन्शेल. मास्तरांचं नाव पिंपाला ठेवलं म्हणून. मला तेव्हाच तुला तार करता आली असती की कारखाना बंद कर, आजी सांगते. तू ऐकलं असतंस. तेव्हा सगळं एकट्यानेच पाठीवर घेऊन बसू नकोस, मलाही सरकायला जागा ठेव.

मी त्याच्यावर जास्त माया केली असं तू मास्तरांना लिहिलंस. तो मागायचा, म्हणून त्याला मिळायची. तू कधी मागितली नाहीस, आणि मी मूर्खासारखी वाट बघत बसले.

धाकटं पिंप बंद कर. उद्या नाही, हे पत्र हातात असेल त्याच घटकेला. तिथे उभी राहणारी माणसंही कुणाच्या तरी घरची आहेत. लोक चार दिवस विहिरीचं पाणी पितील.

साच्यातलं ‘बंधू’ राहू दे. तुझ्या बाटल्या रिकाम्या होऊन परत येतात, नव्याने भरायला. त्याचं तेवढंच परत येणार आहे, ते कशाला काढतोस.

त्याने तुला काहीतरी सांगून ठेवलं होतं ना, आजीला तू सांग म्हणून. ते तू मास्तरांना सांगितलंस. मला नाही. मला पत्रातून नकोय. खुंटीवरचा कोट घे आणि दिव्यांच्या सणाला ये, आणि इथे ओट्यावर माझ्याशेजारी बसून सांग. मास्तरांना त्या दिवशी मी घरी पाठवीन. ते म्हणतात, ते स्वतःच येणार नाहीत. यांच्याकडून हे लिहून घेतलंय, लक्षात ठेव.

एकटा कुणी आला तर दार उघडणार नाही असं मी म्हटलं होतं. दार नुसतं लोटलेलं असेल. ढकल आणि आत ये.

त्याआधी एक पत्र टाक. दोन ओळी पुरे. पण खाली तुझं स्वतःचं नाव लिही आणि त्यावर पाकाचा थेंब लाव. लेझरचं नाव मला वाचता येतं. तुझं अजून शिकायचंय.

आजी ब्राइनले